कण्हेरीची लागवड : कोठे करावी व कोठे करू नये

वैशाखाच्या उन्हात फलटण तालुक्यातील माळ करपून जातात. बांधावरचे गवत संपलेले असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि चाऱ्यासाठी शेतकऱ्याची ओढाताण चाललेली असते. अशा दिवसांत देवळाच्या आवारात किंवा एखाद्या बांधाच्या कडेला एक झुडूप मात्र हिरवेगार उभे दिसते, आणि तेही फुलांनी डवरलेले. त्याला कोणी पाणी घातलेले नसते, कोणी काटेरी फांद्यांचे कुंपण केलेले नसते. शेळ्यांचा कळप त्याच्या अगदी जवळून जातो, पण एकही शेळी त्याला तोंड लावत नाही. हे झुडूप म्हणजे कण्हेर होय.

पाणी नको, राखण नको आणि वर्षातील बहुतेक महिने फुले, असे झाड आपल्या बांधावर असावे असे कोणाही शेतकऱ्यास वाटणे साहजिक आहे. तो विचार चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. ज्या कारणामुळे शेळी कण्हेरीला तोंड लावत नाही, त्याच कारणामुळे ही वनस्पती चुकीच्या जागी लावली अथवा तिची छाटणी निष्काळजीपणे केली, तर दावणीची गाय एका रात्रीत गमावण्याची वेळ येते. म्हणून कण्हेरीची लागवड कशी करावी याइतकेच ती कोठे करावी आणि तिच्या फांद्यांचे काय करावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

फलटण हा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतील तालुका. येथील वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. तालुक्याच्या उत्तर भागात नीरा उजव्या कालव्याचे पाणी खेळते व उसाचे मळे उभे राहतात. दक्षिणेस माणच्या बाजूला वळावे तसतशी जमीन मुरमाड आणि उथळ होत जाते. कालव्याखालच्या भारी काळ्या जमिनींत वर्षानुवर्षे पाणी मुरून काही तुकडे खारवट व चोपण झाले आहेत. माथ्यावरचा कोरडा मुरूम आणि कालव्याखालचा खारवट तुकडा, या दोन्ही ठिकाणी नेहमीची फुलझाडे तग धरीत नाहीत. कण्हेर दोन्हीकडे तग धरते.

याचे कारण तिच्या पानांत आहे. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे, जाड व चिवट असते आणि एकेका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने येतात. सर्वसाधारण झाडांच्या पानांवरील श्वसनाची छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, पृष्ठभागावर उघडी असतात व उन्हात त्यांतून पाणी उडून जाते. कण्हेरीची पर्णरंध्रे मात्र पानाच्या खालच्या बाजूस लहान लहान खळग्यांत दडलेली असून त्या खळग्यांत बारीक लव असते. वाऱ्याची झुळूक तेथवर पोहोचत नाही, आणि पाण्याचा ऱ्हास अत्यंत कमी होतो. मुळाशी ही वनस्पती नदीनाल्यांच्या पात्रांतील असून भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण व भारतापर्यंत ती आढळते. पावसाळ्यात पुराचे पाणी आणि उन्हाळ्यात कोरडी वाळू, असे दोन्ही सोसण्याची सवय तिला उपजतच आहे.

कण्हेरीत पांढरी, गुलाबी व तांबडी असे तीन रंग सामान्यतः आढळतात. एकेरी पाकळ्यांची व दुहेरी पाकळ्यांची असेही भेद आहेत. झुडूप सहा ते बारा फूट वाढते व बुंध्यापासून अनेक फांद्या फुटतात. पिवळ्या फुलांची जी ‘पिवळी कण्हेर’ किंवा बिट्टी म्हणून ओळखली जाते, ती वेगळी वनस्पती होय. ती मूळची अमेरिकेतील असून तिची पाने अरुंद व एकाआड एक असतात, फूल नरसाळ्याच्या आकाराचे असते आणि फळ हिरवे, तिकोनी असते. त्या फळातील कठीण बियांशी, म्हणजे बिट्ट्यांशी, खेड्यातील मुले खेळतात. हा खेळ बंद केला पाहिजे, कारण बिट्टीची बी हा त्या झाडाचा अत्यंत विषारी भाग आहे. शाळा, अंगणवाडी व घराचे अंगण या ठिकाणी बिट्टीही लावू नये व कण्हेरही लावू नये.

विष कोठे असते व जनावरांच्या पोटात कसे जाते

कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल व बी हे सर्व भाग विषारी आहेत. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. संस्कृतात कण्हेरीला ‘करवीर’ या नावाप्रमाणेच ‘अश्वमारक’ असेही नाव आहे, म्हणजे घोड्याला मारणारी. तिच्यात ओलिअँड्रीन व त्याच जातीची आणखी काही द्रव्ये असतात. ती हृदयाच्या स्नायूंतील क्षारांची ने-आण रोखतात, त्यामुळे ठोके प्रथम अनियमित होतात व अखेर हृदय बंद पडते. मात्रा किती लागते हे पाहिले म्हणजे धोक्याची कल्पना येईल. जनावराच्या वजनाच्या सुमारे ०.००५ टक्के इतकी वाळलेली पाने गाईला मारण्यास पुरेशी होतात. चारशे किलो वजनाच्या गाईस हे प्रमाण अवघे वीस ग्रॅम पडते. शेळीमेंढीस तर मूठभर पानेही पुष्कळ झाली.

मग उभ्या झाडापाशी चरणारी जनावरे मरत का नाहीत? कारण हिरवे पान अतिशय कडू असते. जनावर एकदा चाटून पाहते व सोडून देते. परंतु फांदी तोडून एक-दोन दिवस उन्हात पडली की पान सुकते, कडूपणा पूर्वीइतका जाणवत नाही, आणि विष मात्र तसेच राहते. धोका उभ्या झाडाचा थोडा आणि तोडलेल्या फांदीचा फार, हे सूत्र ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्यांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

अपघात बहुधा असा होतो. पावसाळ्यापूर्वी कुंपण नीटनेटके करावे म्हणून मजूर लावून कण्हेर छाटली जाते. फाटे बांधावरच टाकलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्याच बांधावरचे वाळके गवत, उसाचे वाढे व पाचट गोळा करून भारा बांधला जातो व भाऱ्याबरोबर चार-दोन फाटेही घरी येतात. गव्हाणीत टाकलेला अख्खा चारा गाय निवडून तरी खाते; परंतु तोच भारा कडबाकुट्टी यंत्रातून गेला की पानांचे तुकडे चाऱ्यात मिसळून जातात आणि निवड करणे जनावराच्या हाती राहत नाही. मुरघासाच्या खड्ड्यात अशी पाने गेली तर एक दिवसाचा नव्हे, महिन्याभराचा चारा नासतो. तालुक्यात संकरित गाईंचे गोठे वाढले, त्याबरोबर कुट्टी व मुरघासही घरोघर आले. त्यामुळे पूर्वीपेक्षा आज ही काळजी अधिक घ्यावी लागते.

दुसरा प्रकार मेंढ्यांचा. तालुक्यातील अनेक धनगर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन पश्चिमेकडे कोकणच्या दिशेने जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाटेत व परतल्यावर शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. उपाशी कळप रात्री रानात बसतो आणि पहाटे बांधालगत जे मिळेल ते खातो. ज्या रानात मेंढ्या बसवावयाच्या, त्याच्या बांधावर कण्हेरीची छाटण पडलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी रानाच्या मालकाची आहे. परगावच्या मेंढपाळास ते कळण्याचा संभव नाही. राज्यातील चौपदरी महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर मोठ्या प्रमाणावर लावलेली आहे व तिची छाटणीही वेळोवेळी होते. रस्त्याने कळप नेणाऱ्यांनी अशा छाटणीच्या ढिगांपासून मेंढ्या दूर ठेवाव्यात. फलटण येथे १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्ण’ ही मेंढी तयार केली. अशा मेंढीची गाभण मादी दगावली तर कळपातून एक नव्हे, तीन जीव कमी होतात.

जागेची निवड

गोठा, मेंढ्यांचा वाडा, चारा साठविण्याची जागा व जनावरांच्या पाण्याचा हौद यांच्याजवळ कण्हेर कदापि लावू नये. गळालेली पाने हौदात पडून कुजतात व पाणीही विषारी होते. शेततळे, विहीर व पाणवठ्याच्या काठासही हाच नियम लागू आहे. गवताचे किंवा लसूणघासाचे क्षेत्र ज्या बांधाला लागून आहे तो बांधही वगळावा, कारण घास कापताना विळ्याबरोबर पाने येतात.

याउलट, जेथे गुरे बांधली जात नाहीत व चारा कापला जात नाही, अशा जागा कण्हेरीस योग्य होत. देवस्थानाचे आवार, स्मशानभूमी, रस्त्याच्या कडा, खारवट पडीक तुकडा, मुरमाड माथ्यावरील फळबागेची वाऱ्याकडील बाजू, यांपैकी कोठेही ती उपयोगी पडते. फळबागेच्या संबंधात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कण्हेरीच्या फुलांत मकरंद नसतो. डाळिंबाच्या बागेत मधमाश्या याव्यात म्हणून कोणी तिची ओळ लावीत असेल तर त्याचा हेतू साधणार नाही. वारा अडविण्यापुरताच तिचा उपयोग.

कुंपण म्हणूनही तिच्याकडून फाजील अपेक्षा करू नये. तिला काटे नाहीत. जनावर तिला खात नाही, परंतु दोन झाडांच्या फटीतून आत मात्र सहज शिरते. कुंपणाचाच प्रश्न असेल आणि गोठा जवळ असेल, तर मेंदी किंवा अडुळसा लावणे शहाणपणाचे. मेंदी कमी पाण्यावर येते व तिचा पाला विकला जातो. अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत आणि खोकल्यावर त्याचा उपयोग घरोघर माहीत आहे. मुरमाड रानात करवंद लावले तर काटे आणि फळ दोन्ही मिळतील. कण्हेर ही फुलांसाठी आणि उजाड जागा हिरवी करण्यासाठी लावावी, गुरे अडविण्यासाठी नव्हे.

अभिवृद्धी व लागवड

कण्हेरीची अभिवृद्धी फाटे कलमाने सहज होते. बियांपासून केलेली रोपे मूळ झाडाच्या रंगाची निघतीलच असे नाही, म्हणून बी वापरू नये. पाऊस स्थिरावल्यावर, आषाढात, मागील वर्षाच्या अर्धवट पक्व फांदीचे सहा ते आठ इंच लांबीचे व तीन-चार डोळ्यांचे तुकडे घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली द्यावा, खालच्या अर्ध्या भागावरील पाने काढून टाकावीत आणि शेंड्याकडील दोन-तीन पाने ठेवावीत. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समभाग मिसळून पिशव्या भराव्यात, फाट्याचा अर्धा भाग मातीत जाईल असा लावावा व सावलीत ठेवून माती ओलसर राखावी. सुमारे चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. एखाद्या दुहेरी फुलाच्या झाडापासून मोठे रोप लवकर हवे असेल तर गुटी कलमही बांधता येते.

काम करताना हातमोजे घालावेत. फांदी तोडल्यावर निघणारा चिकट रस डोळ्यांत जाऊ देऊ नये व काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये. फाटे कापलेला कोयता धुतल्यावाचून त्याने चारा तोडू नये.

रोपे तीन-चार महिन्यांची झाली की जागेवर लावावीत. मुरमाड जमिनीत दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच खोदून ठेवावा आणि लावतेवेळी त्यात एक घमेले शेणखत व पोयट्याची माती भरावी. दाट पट्ट्यासाठी तीन फूट अंतर पुरे. फुले तोडण्यासाठी लागवड असेल तर दोन्ही बाजूंनी सहा फूट अंतर ठेवावे, म्हणजे तोडणाऱ्यास फिरता येते व झाडास ऊन मिळते. सावलीत कण्हेर वाढते पण फुलत नाही. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. पुढे महिन्यातून एकदा पाणी मिळाले तरी झाड तगते. फुले अधिक हवी असल्यास पंधरवड्याने द्यावे. दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी झाडास एक घमेले शेणखत पुरते. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाला माजतो, कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो आणि फुले कमी होतात.

रोगकिडींचा त्रास फारसा नाही. पिवळ्या रंगाचा, काळ्या पायांचा मावा कोवळ्या शेंड्यांवर थव्याने बसतो. ढालकिडे त्यावर ताव मारतात, म्हणून प्रथम साध्या पाण्याचा जोरदार फवारा किंवा साबणाचे सौम्य पाणी यावरच भागवावे. हिरवी, बोटाएवढी जाड व पुढील बाजूस डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असलेली अळी पाने फस्त करते. ती दिसावयास भयंकर पण संख्येने थोडी असते, वेचून मारावी.

छाटणी केव्हा व कशी

फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. छाटणी न केलेले झाड उंच, उघड्या बुंध्याचे होते व फुले हाताबाहेर जातात. म्हणून दरवर्षी फांद्यांचा सुमारे एकतृतीयांश भाग काढावा आणि बुंध्यातून निघणारे अनावश्यक फुटवे मुळापासून तोडावेत.

पावसाळ्याच्या तोंडावर, ज्येष्ठात, छाटणी करण्याची वहिवाट अनेक ठिकाणी आहे. फलटणसारख्या तालुक्यात ती बदलावी. ज्येष्ठ हा चाऱ्याच्या टंचाईचा महिना असतो. गुरे अर्धपोटी असतात, परतलेले कळप रानोमाळ हिंडत असतात, आणि उपाशी जनावर कडू-गोड पाहत नाही. तीच छाटणी पंधरा-वीस दिवस पुढे ढकलून, बांधावर हिरवे गवत उगवल्यावर आषाढात केली, तर जनावराला सुकल्या फाट्याकडे वळण्याचे कारण उरत नाही. शिवाय हाच काळ फाटे कलम लावण्याचा असल्याने चांगल्या फांद्या वाया जात नाहीत. ज्येष्ठ-आषाढातील थोडी फुले यामुळे बुडतात, हे खरे. पण गाईच्या किमतीपुढे ती फुले काहीच नाहीत.

एका दिवशी जेवढे फाटे त्याच दिवशी गाडता येतील, तेवढीच छाटणी करावी. छाटणी चालू असताना झाडाखाली गोणपाट किंवा जुने प्लॅस्टिक अंथरावे, म्हणजे गळालेली पानेही गोळा होतात. सर्व छाटण तीन फूट खोल खड्ड्यात टाकून त्यावर फूटभर माती लोटावी. उकिरड्यावर टाकू नये, कारण तेथे मोकाट जनावरे येतात. जाळू नये, कारण धूरही अपायकारक असतो. कण्हेरीचे लाकूड चुलीत घालू नये, तिच्या काडीने दात घासू नयेत व भाजण्यासाठी कणीस किंवा मांस तिच्या काडीला टोचू नये. कण्हेरीच्या मुळीचे घरगुती उपचारही कोणी करू नयेत. औषधात तिचा वापर शुद्धी व मात्रा जाणणाऱ्या वैद्याचे काम आहे.

फुले, पत्री व निर्माल्य

कलमापासून केलेले झाड साधारण वर्षभरात फुलू लागते व दुसऱ्या वर्षापासून तोडणी नियमित होते. फुले पहाटे तोडावीत. तामिळनाडूत, विशेषतः सेलमच्या बाजूला, कण्हेर हे सुट्या फुलांचे व्यापारी पीक आहे. आपल्याकडे तिची मागणी देवस्थाने व सणवार यांपुरती मर्यादित असल्याने प्रथम दहा-वीस झाडे लावून जवळच्या बाजाराचा अंदाज घ्यावा. एकदम एकरभर लागवड करणे धाडसाचे होईल. मे २०२४ मध्ये केरळातील त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या मंदिरांतील नैवेद्य व प्रसादात या फुलांचा वापर थांबविला. फूल पूजेत चालते, परंतु खाण्याच्या पदार्थांना त्याचा स्पर्श होऊ नये, हे आपल्या देवस्थानांनीही पाळणे इष्ट आहे.

गणेशपूजेतील एकवीस पत्रींत कण्हेरीच्या पानांचा समावेश आहे. पूजेनंतर पत्री व फुले गाईपुढे टाकण्याची श्रद्धेची प्रथा अनेक घरांत असते. ती दूर्वांपुरतीच ठेवावी. कण्हेर, धोतरा व रुई या तिन्ही पत्री निर्माल्यातून काढून मातीत पुराव्यात. गौरी-गणपतीपूर्वी गावात होणाऱ्या महिला मंडळांच्या सभेत कार्यकर्त्यांनी ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण निर्माल्य गोठ्यापर्यंत नेणारे हात बहुधा घरातील स्त्रियांचे व मुलांचे असतात.

विषबाधा झाल्यास

लक्षणे काही तासांत दिसू लागतात. जनावर चारा सोडते, लाळ गाळते, पोटदुखीने ऊठबस करते, पातळ व कधी रक्तमिश्रित शेण टाकते, कान व पाय गार पडतात, छातीचे ठोके कधी जलद तर कधी चुकत पडतात. काही वेळा कोणतेही लक्षण ध्यानात येण्यापूर्वीच जनावर मेलेले आढळते.

चारा तत्काळ काढून घ्यावा व त्याच दावणीच्या इतर जनावरांपुढचाही काढावा. बाधित जनावरास चालवू, पळवू अथवा वाहनात घालून लांब नेऊ नये. हृदयावर आधीच ताण असतो. तेल, ताक, काढा पाजण्यात वेळ दवडू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर त्वरित कळवावे व डॉक्टर आल्याबरोबर कण्हेर खाल्ल्याचा संशय स्पष्ट शब्दांत सांगावा. हे सांगणे फार महत्त्वाचे आहे. बसलेल्या दुभत्या गाईला बहुधा कॅल्शियमची बाटली लावली जाते. कण्हेरीच्या विषबाधेत तीच बाटली हृदयाला घातक ठरू शकते. विष शोषून घेणारा औषधी कोळसा पाजणे व हृदयाचे ठोके सावरणारी औषधे देणे हा उपचार डॉक्टरांनीच करावयाचा असतो. गव्हाणीतील उरलेला चारा फेकून न देता त्यातील पानांचे तुकडे एका पिशवीत ठेवावेत व डॉक्टरांना दाखवावेत. बाकीचा चारा कुट्टीसह खोल पुरावा, गव्हाण व हौद धुऊन काढावेत, आणि ज्या बांधावरून तो भारा आला त्या बांधावर त्याच दिवशी जाऊन उरलेले फाटे वेचून आणावेत.